भंगारातल्या ट्रकचा पट्टा

हे वाचून कोणी हसलं तर हसू दे. माझ्या घरात घडलंय. मी ट्रक चालवणारा माणूस, गोष्टी रचत बसायला मला वेळ नाही.

रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नाही. दुपारचे चार, खारेपाटातलं आमचं गाव, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला बाबांच्या वेळचा ट्रॅक्टर.

आधी प्रज्योतचं सांगतो. माझा धाकटा भाऊ. शेती तो बघायचा. मी नामा, वीस वर्षं हायवेवर. सीटच्या पट्ट्यानं मला दोनदा मरता मरता वाचवलंय. म्हणून भंगारात निघालेल्या एका ट्रकचा पट्टा आणला आणि ट्रॅक्टरच्या सीटला स्वतःच्या हातानं बोल्ट मारून पक्का केला. प्रज्योत खूप हसला. म्हणाला, विमानात बसवतोस काय मला? मी त्याला आईची शपथ घातली.

शपथ घातली की तो मोडायचा नाही.

गेल्या जुलैत, दुपारी चारच्या सुमाराला, भाताच्या शेतात चिखलणी करताना बांध खचला आणि ट्रॅक्टर उलटला. असा तो आधीही एकदा उलटला होता. तेव्हा प्रज्योतनं उडी मारली होती आणि चिखलानं माखून घरी येऊन भाकरी मागितली होती.

या वेळी पट्टा लावलेला होता.

त्याला बाहेर काढला तेव्हा उजवा अंगठा बक्कलवरच होता...

दहाव्यानंतर पेणचा मिस्त्री काळूराम आला. त्यानं ट्रॅक्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, डोक्यावर लोखंडी फ्रेम असेल तरच पट्टा बांधायचा. फ्रेम नसेल तर माणूस मोकळा पाहिजे, निदान बाहेर तरी फेकला जातो.

एवढी साधी गोष्ट. मला कोणी सांगितली नाही, आणि मी कोणाला विचारली नाही.

मग ते सुरू झालं.

रोज चारच्या सुमाराला शेडमधून आवाज यायचा...

खट्.

जाऊन बघावं तर कोणी नाही. मी नीट लावून ठेवलेला पट्टा उघडा लोंबत असायचा.

यंदा मृणालीनं, त्याच्या बायकोनं, ठरवलं की चिखलणी तीच करणार. मी खूप वाद घातला. ती ऐकेना. शेवटी कंपनीची फ्रेम मागवली. काळूरामनं ती बसवली, जुना पट्टा काढून नवा लावला.

मृणाली सीटवर बसली. पट्टा लावला.

खट्... उघडला.

तिनं परत लावला. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

खट्...

काळूराम दोन पावलं मागे सरकला. मृणाली रडली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, त्यांना सांगा. तुमचंच ऐकायचे ते."

मी चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवला. भर दुपारी पत्रा गार होता.

"प्रज्या, आता फ्रेम हाय रे. हिला बांधू दे. चुकलं माझं."

पट्टा लागला. त्या दिवशी उघडला नाही, पुढेही नाही. मृणालीनं सगळी शेतं केली. शेडमधला आवाजही थांबला.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून सांगितलेली नाही.

ते जुनं बक्कल कडक होतं. उघडायला अंगठ्याचा जोर लावून दोन-तीनदा दाबावं लागायचं. बसवतानाच मला ते कळलं होतं. म्हटलं, चालेल, निसटणार तरी नाही.

काल थळहून खत भरून निघालो होतो. कार्लेखिंडीचा उतार, केबिनमध्ये मी एकटा. घड्याळात चार...

खट्.

माझा पट्टा एका झटक्यात उघडला होता.

मी परत लावला. परत उघडला.

"माझ्या डोक्यावर केबिन हाय रे, प्रज्या," मी म्हटलं.

त्यानं ऐकलं नाही.

माझी काळजी करतोय, की त्याला बक्कलचं कळलंय? कोणाला विचारू? खिंड संपेपर्यंत मी एका हातानं पट्टा छातीशी धरून ठेवला होता.