पाणचक्कीचा दांडा

"सही करणार न्हाई म्हंजे न्हाई! पाडून टाका ती चक्की!"

ग्यानोबा गुरुजी असे कडाडले, की पंचफुलाबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. ओसरीवर बसलेली देविका कागद सावरत उठली. जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेसाठी ती नांदेडहून आली होती. मुखेडकडच्या या तलावाच्या बांधाखालची पाणचक्की जतन करायची, तर सातबाऱ्यावरच्या दोघा बहीणभावांच्या सह्या हव्या होत्या. बहिणीची झाली होती... आणि भाऊ अहमदपूरहून आला तो नकार घेऊनच!

"ह्या चक्कीनं माझी तीन बोटं खाल्ली, मॅडम," गुरुजींनी उजवा पंजा पुढे केला. "आन् खाऊ घातली कोणी? ह्या सख्ख्या अक्कानं!"

पंचफुलाबाईंनी मान खाली घातली. अठ्ठेचाळीस वर्षं त्या हेच ऐकत आल्या होत्या.

पाणी सोडणाऱ्यानं दांडा उचलण्याआधी तीनदा हाक द्यायची, "हात काढा!" आणि खालून "काढला!" असं उत्तर आल्याशिवाय दांड्याला जोर लावायचा नाही, हा त्या घराचा, त्यांच्या वडिलांनी म्हणजे आबांनी घालून दिलेला कायदा. त्या दिवशी मात्र हाक आलीच नाही! दळणाच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावून झाली होती, नऊ वर्षांचा ग्यानोबा फटीतला चुरा झाडत होता, आणि दगड फिरला... जमलेल्या गावासमोर बारा वर्षांची पंचफुला म्हणाली, "पाणी म्याच सोडलं." झालं! त्या एका वाक्यानं पोरीचा जन्म करपला. पुढं जमलेलं लग्न मोडलं, भाऊ मामाकडे शिकायला गेला तो पुन्हा चक्कीकडे फिरकला नाही, आणि तिच्या राख्या पोस्टानं जशाच्या तशा परत येत राहिल्या. तरी ही बाई दरसाल त्याच दगडाला टाकी लावत राहिली! काय म्हणावं हिला?

"सर, सही तुमच्या मर्जीची," देविका हळूच म्हणाली. "पण पाणी एकदा सोडून दाखवाल? फोटो तरी राहील. मावशी, तुम्ही सोडता?"

"मला न्हाई जमायचं बाई... गुडघे दुखून राहिलेत."

"तवा बरं जमलं!" गुरुजी फिसकन हसले.

पंचफुलाबाई उठल्या. तिघंही बांधाखाली आले. पाटाच्या जेमतेम वीतभर कडेवर त्या उभ्या राहिल्या. दांडा वर, भिंतीत बसवलेला. टाचा उचलल्या, हात ताणला... दांडा हातभर लांबच राहिला! खाली काही ठेवून चढावं, तर दोन्हीकडे खोल पाट.

गुरुजींचं हसू मावळलं.

"अक्का... तू तवा बारा वर्साची होतीस."

"हाव."

"मग हात पुरला कसा?"

"मारली असंल उडी... आता कुठं आठवतंय?"

"खोटं बोलू नको! आबा होते ना?"

इतक्या वर्षांचा बांध फुटला! पंचफुलाबाई कडेवरून उतरून बांधाशी बसल्या.

"हाक द्यायची राहून गेली रे त्यांची... तुझा हात बघून आबा तलावात जीव द्यायला पळाले. लोकांनी धरून आणलं. आई तर आधीच गेलेली... आबाबी गेले असते, तर तुला कोणी बघितलं असतं? म्हटलं, बोल लागल्यानं पोरगी काय मरत न्हाई..."

"आन् म्या तुझ्या राख्या परत धाडल्या!" पिकल्या केसांचे गुरुजी लेकरासारखे हुंदके देऊ लागले, बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून. "अक्का, मला माफ कर गं... मला माफ कर!"

"ऊठ, येड्या. गेलेल्या आबांना मातुर आता बोल लावू नको."

देविकानं डोळे पुसत कागद पुढे केला. गुरुजींनी डाव्या हातानं सही केली. उजव्यानं त्यांना लिहिता येतच नव्हतं. मग ते स्वतः पाटाच्या कडेवर चढले. आबांसारखेच उंच! दांडा सहज हाताला आला.

"अक्का, तू खाली दगडापाशी जा."

पंचफुलाबाई चक्कीच्या अंधाऱ्या खोलीत उतरल्या.

"अक्का, हात काढ!"

खाली त्यांनी दगडावर हात टेकला.

"अक्का, हात काढ!"

दगडावर हात ठेवून त्या नुसत्या रडत होत्या. वर गुरुजी दांडा धरून थांबले होते. तिसऱ्यांदा हाक आली, आणि तरी ते थांबलेच...

"काढला रं, ग्यानू... काढला!"

मगच त्यांनी दांडा उचलला.