वर कोण उभंय?

तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. माझा मामा खोटं बोलतच नाही, असंही मी म्हणणार नाही. गाडी लिटरला किती धावते, याबद्दल तो आयुष्यभर थापा मारत आलाय.

पण हे मी त्याच्याकडून ऐकलेलं नाही. मी त्या गाडीत होतो.

गुरुवार होता. आभाळ असं दाटलेलं की भरदुपारी दिवे लावावे लागले. जागा, बंद पडलेल्या काच कारखान्यासमोरचा बसस्टॉप.

गाडी म्हणजे मामाची डबलडेकर. सगळी नोकरी त्याने तिच्यावर काढली. ती मोडीत निघाली तेव्हा लिलावात कोणी हात वर करेना. मामाने केला. मामी म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर कुत्रं पाळतात. आमच्याकडे बस आली."

तिच्यावर एकच कंडक्टर असायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ड्रायव्हरची केबिन पुढे, वेगळी. मागचं काही दिसायचं नाही. त्यामुळे मामा आणि मास्तरांचा सगळा संसार बेलवर. एक बेल, थांब. डबल बेल, चल. तीन बेल, गाडी भरली, पुढच्या स्टॉपला थांबू नकोस.

तीन बेल मामाला फार आवडायची. काच कारखान्याच्या स्टॉपवर पाळी सुटलेली माणसं हात करत राहायची, आणि मामा सुसाट पुढे.

मास्तरांचा एक नियम होता. वरच्या मजल्यावर उभं राहायचं नाही. कोणी उभं असलं की डबल बेल नाही. मग तो साहेब असो, नाहीतर साहेबाचा सासरा. "आधी बसा."

मास्तर वारले. बेलची दोरी कुजली होती, ती मामाने काढून टाकली. गाडी तो हौशी लोकांना फोटोंसाठी भाड्याने द्यायला लागला.

पहिल्याच भाड्याला मंडळी वर उभी राहून फोटो काढायला लागली...

गाडी बंद.

स्टार्टर दाबून दाबून मामाचा अंगठा सुजला. शेवटी मंडळी कंटाळून खाली बसली.

टण... टण.

दोरी नसलेली बेल.

गाडी चालू.

मी घाबरलो. मामा चिडला. "बघ! जिवंतपणी डोकं खाल्लं, आता मेल्यावरही ड्युटी सुटत नाही यांची!"

मामी म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, आता पगार मिळणार नाही. घरी बसा म्हणावं."

हळूहळू आम्हाला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. फुकटचा कंडक्टर मिळाला तर जरा लवकर होते.

त्या गुरुवारी गाडीची तपासणी होती. नापास झाली तर सरळ भंगारात. मामा केबिनमध्ये, मी मागे दाराजवळ. बाकी गाडी रिकामी.

काच कारखाना आला. स्टॉपचा आता खांबसुद्धा उरलेला नाही.

टण.

एकच.

इंजिन बंद पडलं. मामा तणतणत मागे आला. "वर कोण उभंय?"

"कोणी नाही."

"नीट बघ."

मी जिना चढून बघून आलो. सगळी बाकं रिकामी.

"मग अडवलंय कशाला?" मामा छताकडे बघून ओरडला. "अहो मास्तर, तपासणीचं फाटक बंद होईल! उद्या कापतील हिला!"



मग... गाडी किंचित खाली दबली. पायरीवर कोणी पाय ठेवावा, तशी.

पुन्हा.

पुन्हा.

जिना करकरला. वर एका बाकाची स्प्रिंग दबली. मग शेजारची. मग मागची... ओळीने. घाई नाही, ढकलाढकली नाही.



टण... टण... टण.

"भरली," मामा पुटपुटला.

गाडी चालू झाली. तपासणीचं फाटक आम्ही कसंबसं गाठलं. अधिकारी गाडीखाली वाकला. "स्प्रिंगचे पाटे पार बसलेत हो. रिकाम्या गाडीला एवढं वजन कुठलं? माल काय भरलाय?"

"काही नाही, साहेब. वर जाऊन बघा."

तो निम्मा जिना चढला. तिथेच थांबला. खाली आला तो आमच्याकडे न बघताच म्हणाला, "नापास. पाटे बदलून आणा. शेवटची संधी."

मामाने नवे पाटे टाकले. सकाळी बघतो तर तेही दबलेले. पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

मामाने टायरला लाथ घातली. "तेव्हा स्टॉपवर नाही घेतलं, आता घेतलंय ना? मग उतरा की!"

"तुम्ही ओरडून काय होणार?" मामी दारातून म्हणाली. "माणसं गाडीत बसली ती काय तुमच्या अंगणात राहायला? जायचं असेल त्यांना कुठेतरी. शेवटच्या स्टॉपला सोडून या."

मामाला पटलं. तपासणीच्या दिवशी आधी तिकडे जायचं ठरलं. मामा केबिनमध्ये चढला. मी वरच्या खिडक्या लावायला गेलो.

स्टार्टर घरघरला. गाडी काही चालू होईना.

"वर कोण उभंय?" खालून मामा ओरडला.

"मीच!"

"मग बस की, गाढवा!"

मी पहिल्या बाकाकडे वळलो. गादी दबलेली होती. दुसऱ्याची... तीही. मी शेवटपर्यंत गेलो. एकाही बाकावर कोणी नव्हतं.

"बसलास का?"

"मामा..."

"काय?"

"जागा नाही."



शेवटच्या बाकाची स्प्रिंग कुरकुरली. अर्धी गादी... हळूच वर आली.

कोणीतरी सरकलं होतं.

माझ्यासाठी.

जिना मी कसा उतरलो, मला आठवत नाही. तपासणीची तारीख गेली. भंगारवाल्याने ओढून न्यायला ट्रक आणला. ट्रकची साखळी तुटली, गाडी तसूभर हलली नाही. मामा अजून रोज केबिनमध्ये बसतो, मास्तरांच्या नावाने बोटं मोडतो, आणि डबल बेलची वाट बघतो.

ती का येत नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

वर सगळे बसलेत. एकच जण बसायचा राहिलाय.