कृष्णपटावरची अक्षरे

मिरजेतल्या त्या नेत्ररुग्णालयाच्या तपासणी खोलीत भर दुपारीही काळोख असे. तो मुद्दाम राखलेला काळोख होता. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आतले पाहायला सोपे जाते. तिथे कोणी पांढराशुभ्र पडदा उघडला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून रुग्णालयातले सगळे टॅब ‘कृष्णपटा’वर चालत. कृष्णपट म्हणजे आपला डार्क मोड: मागे काळे, पुढे करडी अक्षरे.

त्या खोलीत डॉ. तृप्ती मगदूम टॅब हातात घेऊन बसल्या होत्या. ब्राउझरमध्ये एका रुग्णाची नोंद उघडलेली होती आणि तिची अक्षरे त्यांच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती. आधी फिकट, मग पुसट, मग नुसता काळा पडदा.

“रुबीना, बघ गं, तुला दिसतंय का काही?”

रुबीना मुल्ला रुग्णालयात चष्म्याचे नंबर काढत असे. तिने टॅब घेतला, डोळे बारीक केले, मान पुढे घातली, आणि दोनचार क्षणांत म्हणाली, “दिसतंय की मॅडम. डावा डोळा, मोतीबिंदू, साखर आहे.”

तृप्तीबाईंनी टॅब परत घेतला. हे टॅब नवे आल्यापासून, तीन आठवडे हेच चालले होते. दुसऱ्या कोणाच्याही हातात गेला की टॅब शहाण्यासारखा वागे, त्यांच्या हातात आला की अंधार. एखाद्या साध्या माणसाने टॅबला शिव्या घातल्या असत्या. पण डॉक्टर मंडळींची तऱ्हाच वेगळी. त्यांना एक तर काहीच झालेले नसते, नाही तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा रोग झालेला असतो. मधले, सगळ्यांना होणारे आजार त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

भिंतीवरचा पांढरा तक्ता तृप्तीबाईंनी दार लावून स्वतःच वाचून पाहिला होता. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा. पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही. पांढऱ्यावरचे काळे दिसते आणि काळ्यावरचे करडे दिसत नाही, म्हणजे डोळ्याच्या नसेचेच काहीतरी बिनसले आहे, असे त्यांचे ज्ञान त्यांना सांगत होते. दुसऱ्या डॉक्टरला डोळे दाखवावेत, तर मिरजेत शिंकले की सांगलीत रुमाल निघतो. शस्त्रक्रिया त्यांनी काही ना काही निमित्ताने धाकट्या डॉक्टरांकडे सोपवल्या होत्या. ज्या हातांनी हजारो लोकांना दृष्टी दिली, ते हात आता कायमचे बाजूला ठेवायचे, असे त्या संध्याकाळी विश्वस्तांना सांगायचे त्यांनी ठरवले होते. त्याआधी एकच गोष्ट करायची राहिली होती. त्या ब्राउझरचा कृष्णपट ज्याने बनवला, तो श्रीनिवास मुतालिक त्यांचा शाळेतला सोबती होता. तो पुण्याहून यायला निघाला होता.

“काय गं तृप्ते, माझ्या लेकराच्या तक्रारी करतेस म्हणे,” श्रीनिवास दारातूनच म्हणाला, आणि काळोखात खुर्चीला अडखळला. “दिवे लावा की जरा. बिल थकलंय का?”

“बस आधी. आणि मला एवढंच सांग, की बिघाड तुझ्या ब्राउझरमध्ये आहे.” तृप्तीबाईंनी टॅब त्याच्यापुढे धरला. “माझ्यात नाही असं सांग, श्रीनिवास. खोटं नको पण.”

श्रीनिवासची थट्टा जागीच थांबली. त्याने टॅब हातात घेतला. पडदा जरा वेळ काळाच राहिला, मग अक्षरे वर आली, आणखी वर आली, आणि झगझगीत झाली.

“सर, तुमच्या हातात किती लख्ख दिसतं!” रुबीना म्हणाली.

“बनवणाऱ्याला ओळखतो तो,” श्रीनिवास खुशीत म्हणाला. “बरं, ऐका. हा साधा कृष्णपट नाही. हा नेत्रानुसारी कृष्णपट आहे. टॅबच्या वरच्या कडेला अवरक्त कॅमेरा असतो, त्याला अंधारातही तुमचे डोळे दिसतात. वाचताना नजर अडखळली, ओळीवर मागे आली, डोळे बारीक झाले, मान पुढे गेली, की ब्राउझर समजतो, ह्यांना कमी दिसतंय. मग तो अक्षरं किंचित उजळ करतो. नजर सुरळीत चालली, की किंचित मंद. ह्याला आम्ही अडखळमापन म्हणतो. माणसाला लागतो तेवढाच उजेड द्यायचा. डोळ्यांना त्रास नाही आणि बॅटरीही वाचते.”

“म्हणजे आमटी चाखत चाखत मीठ घालावं तसं,” रुबीना म्हणाली.

“तसंच. फक्त चाखणाऱ्याला आपण चाखतोय हे कळतही नाही.”

“मग मला का वाढत नाही तो मीठ?” तृप्तीबाई म्हणाल्या. “मला दिसत नाही, हे त्याला दिसत नाही?”

श्रीनिवासने टॅबच्या पोटातली अडखळमापनाची नोंद उघडली. त्याच्या भुवया वर गेल्या. “हे काय? तुझी अडखळ शून्य आहे. अक्षरं पार विझली तरी शून्य! बाई, पडदा काळा झाला की तू करतेस तरी काय?”

“काय करणार? बसते. दिसेपर्यंत थांबते.”

“डोळे बारीक नाही करत? मान नाही पुढे घालत?”

“छे! मान हलली की गेला रुग्णाचा डोळा.” हे वाक्य त्यांच्या तोंडून नकळत बाहेर पडले आणि त्या थबकल्या. मग एकेक शब्द जुळवत बोलू लागल्या. “श्रीनिवास, सूक्ष्मदर्शकाखाली चित्र धूसर झालं, तर आम्ही हलत नाही. उलट आणखी स्थिर होतो. पायाखालच्या कळीनं भिंग सरकवायचं आणि चित्र येईपर्यंत पापणीही लववायची नाही. ती सवय आता हाडीमासी भिनलीय. टॅब हातात असला तरी...”

“तरी तू ऑपरेशनच करत असतेस!” श्रीनिवास ओरडलाच. “आणि माझा ब्राउझर म्हणतो, वा, बाई किती निवांत वाचतायत, अजून थोडं मंद करू. मंद झालं की तू आणखी स्थिर. तू स्थिर झालीस की तो आणखी मंद. शेवटी काळ्यावर काळं! आणि मी एक गाढव, खाली तळच ठेवला नव्हता त्याला. माणसाला दिसेनासं झालं तर माणूस चुळबुळ करणारच, हे मी गृहीत धरलं होतं.”

“हे सिद्ध करून दाखव,” तृप्तीबाई म्हणाल्या. आशा वाटली की त्या नेहमी कडक होत.

श्रीनिवासने अडखळमापन बंद केले. आता पडदा कोणाच्या डोळ्यांकडे पाहणार नव्हता. त्याने एक चाचणीचे पान उघडले. काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा जरा जास्त पुसट. निरोगी डोळ्याला निम्म्याच्या पुढे सहज जाता येईल, असे ते पान होते.

तृप्तीबाईंनी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला आवाज कापत होता. निम्म्या ओळी झाल्या तसा तो सुटा झाला. शेवटच्या ओळीपाशी रुबीना डोळे फाडून पाहत होती, तिला ती ओळ लागत नव्हती, आणि तृप्तीबाईंनी ती खणखणीत वाचली.

मग त्यांनी टॅब मांडीवर ठेवला आणि त्या रडल्या. लपवूनछपवून नाही, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. रुबीनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तीन आठवडे छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता आणि त्या मनापासून आनंदी होत्या.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “डोळ्यांची डॉक्टर आणि डोळे तपासायला टॅबवर विसंबले.”

“आता आण इकडे. तळरेषा घालतो,” श्रीनिवास म्हणाला. “अक्षरं तिच्याखाली कधी जाणारच नाहीत. तुझ्यासारख्या पुतळ्यांची सोय.” त्याने टॅब घेतला आणि पाहिले. “अरेच्चा! हे बघ, परत गेलं. पान कोरं झालं.”

“कुठं गेलं?” तृप्तीबाईंनी वाकून पाहिले. “आहे की सगळं.”

“वरच्या दोन ओळी आहेत. खालचं गेलं.”

“सर, शेवटची सोडली तर मलाही सगळ्या ओळी दिसतायत,” रुबीना हळूच म्हणाली.

“अगं, अडखळमापन परत सुरू झालं असेल.” श्रीनिवासने तपासले. ते बंदच होते. पडदा कोणाच्याही डोळ्यांकडे पाहत नव्हता.

तृप्तीबाईंचा आवाज आता डॉक्टरचा होता. “श्रीनिवास, तुझ्या स्वतःच्या टॅबवर हाच कृष्णपट आहे ना? किती वर्षं?”

“पहिल्यापासून. सगळं त्यावरच वाचतो. कधी म्हणजे कधी त्रास नाही झाला मला.”

“होणारच नाही. रात्री गाडी चालवतोस?”

“सोडली. हल्लीचे दिवे फार डोळ्यांवर येतात.”

“दिव्यांना काही झालेलं नाही. ये, हनुवटी इथं टेकव.”

तपासायला वेळ लागला. श्रीनिवास पहिल्यांदा विनोद करत होता, मग एकेक प्रश्न विचारू लागला. डोळ्यातला दाब वाढलेला होता. दुखत नाही, खुपत नाही, चोरपावलांनी येतो, असा काचबिंदू. दृष्टी दिवसाला कणभर उणी होत होती, आणि ब्राउझर दिवसाला कणभर उजेड वाढवून ते उणे भरून काढत होता. हिशेब इतका चोख होता की मालकाला पत्ताच लागला नाही.

“आंधळा होणार का गं मी?” श्रीनिवासने विचारले. त्याला भीती वाटली होती आणि त्याने ती लपवली नाही.

“नाही. गेलं ते परत आणता येणार नाही, पण गेलंय थोडं. उरलंय ते राखता येईल. उद्या सकाळी लेझर करते मी, मग रोज थेंब घालायचे. चुकवलेस तर शाळेसारखं बाईंना नाव सांगेन.”

“तू करणार? आज विश्वस्तांना काहीतरी सांगायचंय, असं फोनवर म्हणाली होतीस ना?”

“तेवढंच सांगणार, की मी कामावर आहे.”

श्रीनिवास जोरात हसला. मग हसता हसता थांबला. “तृप्ती, हा कृष्णपट लाखो लोक वापरतात. त्यांच्यात माझ्यासारखे किती असतील? कोणालाच त्रास होत नसेल. तक्रार करतील कशी? मी तक्रारीला जागाच ठेवलेली नाही!”

“मग जागा ठेव.”

पुढच्या दोन दिवसांत त्याने ब्राउझर दुरुस्त केला. तळरेषा घातली, ते सोपे होते. दुसरी दुरुस्ती मात्र कंपनीत कोणालाच दुरुस्ती वाटेना, कारण तीत चांगला चालणारा कृष्णपट मुद्दाम बिघडवायचा होता. रोज नाही, महिन्यातून एकदा, आणि मिनिटभरच. त्या मिनिटात अडखळमापन बंद होणार आणि पडद्यावर साध्या करड्या अक्षरांत एकच सूचना येणार: ‘हे वाचता येत असेल तर काही करू नका.’

“आणि ज्यांना वाचता येणार नाही, त्यांना काय करायचं ते कळणार कसं?” कंपनीच्या बैठकीत कोणीतरी विचारले.

“ते आपल्याला शिव्या घालतील,” श्रीनिवास म्हणाला. “त्या शिव्या आपण नीट ऐकायच्या.”

पहिले मिनिट पार पडले तेव्हा श्रीनिवास फेरतपासणीसाठी मिरजेत होता. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यामुळे त्याला जवळचे काही वाचता येत नव्हते. तृप्तीबाई शस्त्रक्रियेत होत्या. त्याच्या टॅबवर येणारा मजकूर रुबीना वाचून दाखवत होती.

“सर, पहिली तक्रार. अकलूजचे निवृत्त शिक्षक आहेत. लिहितात, ‘तुमचा डार्क मोड बिघडलेला आहे. मिनिटभर पडदा ठार काळा होता. हिला माझ्याच टॅबवर म्हणे स्वच्छ वाचता येत होतं. तुम्ही माणसं बघून अक्षरं दाखवता काय? ताबडतोब दुरुस्त करा.’ फार चिडलेत, सर.”

श्रीनिवासने डोळे मिटून घेतले. आयुष्यभर तक्रारींचा तिटकारा केलेल्या त्या माणसाचा चेहरा उजळला.

“उत्तर काय लिहू? टॅब बंद करून पुन्हा चालू करा म्हणून?”

“नको. टॅब चांगला आहे म्हणून लिही, आणि आजच डोळे दाखवा म्हणून लिही,” तो म्हणाला. “पण सगळ्यात वर लिही, घाबरू नका, अजून वेळ आहे.”

रुबीना लिहू लागली. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच दुसरी तक्रार आली.