चांगदेवांचा होकार

आठव्या महिन्याचं पोट एका हाताने सावरत रीमा दारात उभी होती. डोळे भरून आले होते तिचे, आणि ती सासऱ्यांना काहीतरी विचारत होती... पण तिच्या तोंडावर मास्क होता, आणि त्या निळ्या कापडापलीकडचा एकही शब्द चांगदेवांना उमगत नव्हता. त्यांचं अंग तापाने फणफणलं होतं. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. हो.

तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. रीमा ओढणीत तोंड लपवून आत गेली. तासाभरात भाविकने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, त्यांची पिशवी भरून त्यांना कोविड सेंटरच्या गाडीत बसवलं.

म्हणजे आपल्याला घालवून दिलं... पण राग तरी कुणाचा धरायचा? एका खोलीचा संसार, मध्ये टांगलेली चादर, तिच्यापलीकडे पोटुशी सून. म्हाताऱ्याचा रोग घरात कोण ठेवून घेईल? जावं मुकाट्याने. आजवर मुकाट्यानेच तर सगळं केलं होतं!

नारपोलीच्या लूमच्या, यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. तिथल्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. त्या खडखडाटाने त्यांचे कान कधी नेले, ते त्यांनाही समजलं नाही. शेटला कळलं तर लूम काढून घेईल, या भीतीने त्यांनी ते लपवलं, आणि पुढे लपवायची सवयच जडली. समोरच्याच्या ओठांवरून बहुतेक कळायचं. नाही कळलं की मान हलवायची. हे ठाऊक होतं फक्त ठमाबाईला, त्यांच्या बायकोला. "आमचा नंदीबैल," म्हणून ती हसायची. पण बोलताना न चुकता समोर यायची, दिव्याकडे तोंड करायची. ती गेली, तिच्याबरोबर ते गुपितही गेलं.

आणि मग हा रोग आला, आणि साऱ्या जगाने ओठ झाकून घेतले. घरातल्यांनी आपल्याशी अबोला धरलाय, असंच त्यांना वाटू लागलं. विचारायची मात्र लाज वाटली. म्हातारपणी आधीच काय कमी खोडी असतात, त्यात बहिरेपणाची भर कुठे घालायची?

शाळेच्या वर्गात खाटा टाकून उघडलेलं ते सेंटर... तिथे तर डॉक्टरांचे नुसते डोळेच दिसायचे. दुखतं का? हो. बरं वाटतं? हो. त्यांचं काय करावं ते बिचाऱ्या डॉक्टरांनाही कळेना.

एका सकाळी भाविक बाहेरून खिडकीशी आला. गजांपलीकडून त्याने काहीतरी विचारलं. चांगदेवांनी मान हलवली. मुलाचा चेहरा पार उतरला. त्याने तेच पुन्हा विचारलं, त्यांनी तीच मान पुन्हा हलवली, वर थोडं हसलेही. त्या हसण्याकडे भाविक बघतच राहिला. मग त्याने हळूच मास्क खाली ओढला.

"बाबा, मी आत्ता काय विचारलं?"

ओठ... किती दिवसांनी आपल्या माणसाचे ओठ दिसले!

"जेवलो का, म्हणून इचारलंस," ते चाचरत म्हणाले.

"मी विचारलं, आमच्यावर एवढे रागावलात का, की घरी यायचंच नाही?" भाविकचे ओठ थरथरत होते. "त्या दिवशी रीमा विचारत होती, बाबा, आम्हाला सोडून सेंटरला जायचंय का? तुम्ही दोनदा हो म्हणालात. घास गेला नाही तिच्या घशाखाली. कानांचं का नाही सांगितलंत?"

चांगदेवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांना कुणी घालवलंच नव्हतं... फाटकावरचा वॉचमन "भाई, मास्क ऊपर करो" म्हणून हातवारे करत धावत येत होता. भाविक घाईने म्हणाला, की घरच्यांची तयारी असेल तर नेता येतं, डॉक्टरांना विचारलंय. "चला ना घरी, बाबा."

चादरीच्या अलीकडची आपली चटई त्यांच्या डोळ्यांपुढे आली, जीव नुसता तिकडे ओढ घेऊ लागला. आणि मग पलीकडची रीमा दिसली, पोट सावरणारी.

"न्हाय," चांगदेव म्हणाले. "माज्यामुळं त्या दोगा मायलेकरांना काय झालं, तर वर जाऊन तुज्या आयशीला काय तोंड दाखवू? मी हितं बरा हाय."

जन्मभर होला हो करणाऱ्या बापाचा तो पहिलाच नकार होता. गज धरून भाविक नुसता रडत राहिला.

पुढे दोन-चार दिवसांत चांगदेवांचा श्वास पुरेनासा झाला. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं. स्ट्रेचर गाडीकडे नेताना त्यांनी पाहिलं, रस्त्यापलीकडे बंद टपरीशी रीमा उभी होती, भाविकचा दंड धरून. तिने मास्क खाली केला, अगदी ठमाबाईसारखं उजेडाकडे तोंड केलं, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"बाळाचं नाव तुम्हीच ठेवायचं, बाबा. परत याल ना?"

अक्षर न् अक्षर कळलं चांगदेवांना. छातीत किती श्वास उरलाय, तेही कळत होतं. त्यांनी सुनेकडे डोळे भरून पाहिलं आणि सावकाश मान हलवली. आजवरचे होकार त्यांनी न कळताच दिले होते; हा मात्र पुरता कळून, आणि खोटा आहे हे जाणूनच त्यांनी दिला.

पलीकडे रीमा हसली, आणि तिने मास्क पुन्हा वर घेतला.