आरशातलं लेबल

दुफी आँटींच्या सलूनमध्ये मी माझे डबे घेऊन शिरले, तेव्हा खुर्चीतल्या मुलाचे अर्धेच केस वळून झाले होते. एका बाजूला बारीक, घट्ट पीळ. दुसरी बाजू सुटी, फुगलेली. तशा अवतारातही तो आरशातून माझ्याकडे बघून हसला.

"काय विकतेस?"

"केसांचं बटर. शियाच्या बियांचं."

"शिया माझी आजीपण लावायची. बोकडासारखा वास यायचा."

"याला येत नाही. आणि कणही धरत नाहीत. वितळवून मी पटकन थंड करते. सावकाश गार झालं की रवा होतो."

"आँटी, ही बटर विकतेय की शिकवणी घेतेय?"

"रसायनशास्त्र शिकलीये पोकुआ," आँटी म्हणाल्या. "पण मी सांगून ठेवलंय, गिऱ्हाइकांनी नाव घेऊन मागितलं तरच माझ्या फळीवर जागा. धूळ खाणारे डबे आधीच काय कमी आहेत?"

त्या फळीवर माझं सगळं अडलं होतं. ती मिळाली नाही, तर राजधानीत, आक्राला, मामाच्या औषधाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरून गेलं होतं. मला आपलं गाव, कुमासी, सोडायचं नव्हतं.

खुर्चीतला तो एबो. केसांचे व्हिडिओ करणारा. आमच्या अख्ख्या बांतामा वस्तीतल्या मुली त्याचं ऐकून डोक्याला काहीबाही लावायच्या.

"एक डबा फुकट दे," तो म्हणाला, "मी एक व्हिडिओ देतो."

"पैसे नकोत?"

"फँटी माणूस आहे मी, आमची जमातच खादाड. पैसे दिलेस तर खाण्यात उडतील."

डबा त्याने उजव्या हाताने घेतला, पण त्या हाताने झाकण काही त्याला उघडेना. शेवटी मीच उघडून दिलं. बोटं लागली... आणि मी उगाच डब्यावरचं लेबल गुळगुळीत करत राहिले.

व्हिडिओ येईपर्यंत मला चैन नव्हतं. फोन उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. व्हिडिओची वाट बघत होते की त्या हसण्याची – हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

आला, आणि मी तो तीनदा लावून बघितला. एबो छान दिसत होता, बटरही छान दिसत होतं. फक्त लेबल उलटं होतं. आरशात दिसतं तसं. खाली लोक तुटून पडले होते: 'उलटा व्हिडिओ म्हणजे कुणाचा तरी चोरलेला!' 'पोकुआ बटर नकली आहे, घेऊ नका!'

मी तडक त्याच्या घरी गेले. अंगणात तो फोनकडे बघत येरझारा घालत होता.

"फोन बिघडलाय," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला.

"खोटं. उजव्या गालावरचा तीळ व्हिडिओत डाव्या गालावर गेलाय. चित्र तू मुद्दाम उलटवलंस. का?"

"तीळ बघितलास?"

"विषय बदलू नकोस."

तो ओट्यावर बसला. "मी डावखुरा आहे. शाळेत छड्या खाऊन देणं-घेणं, जेवणं, सगळं उजव्याने शिकलो. पण केसांत उजवा चालतच नाही गं... आणि डाव्या हाताने डबा पुढे केला, तर लोक म्हणतील, याला घरात वळण नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओ उलटवतो."

"आजवर कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"लेबलवाली वस्तू आजवर मिळालीच कुठे? फुकट डबा देणारी तू पहिलीच."

मला हसू आलं, रागही आला. सलूनमधला तो थाट!

"खरं सांगितलंस तर तुला शिव्या पडतील," मी म्हणाले. "नको सांगूस. फळी नाही मिळाली, तर मी जाईन आक्राला मामाकडे."

"तू... आक्राला?" तो उठलाच. "फोन धर."

मी फोन धरला. "डावा हात आहे, माफी असावी," तो कॅमेऱ्याला म्हणाला. असं म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी डावा हात पुढे करत नाही. मग त्याने डबा उघडला; एका झटक्यात. तो हात केसांतून इतका सहज फिरत होता, की मी फोनऐवजी त्याच्याकडेच बघत राहिले.

शिव्या पडल्याच. कुणी त्याच्या आईचा उद्धार केला, कुणी त्याला बघणंच सोडलं. मात्र दुसऱ्या दिवशी आँटींचा फोन आला.

"त्या पोराला म्हणावं, डाव्या हाताने डबा नाचवतोस, लाज नाही वाटत? आणि तू ये लवकर. सकाळपासून बायका पोकुआ, पोकुआ करतायत. फळी पुसून ठेवलीये."

मी पळतच एबोकडे गेले. ऐकून त्याने डोळे मिटले, उघडले.

"म्हणजे आक्रा नाही?"

"नाही."

"चला... एक डबा, एक व्हिडिओ. व्यवहार संपला." तो उगाच पायाने माती सारत राहिला. "सकाळपासून तुला भेटायला कारण शोधतोय. एकही धड सापडत नाही."

"एक आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मला तू आवडतोस. चालेल हे?"

माती सारणारा त्याचा पाय थांबला.

"हे कालच सांगायचंस ना," तो म्हणाला. "इतक्या शिव्या खाताना बरं वाटलं असतं."