अडतिसावं दैवत

मंडालेच्या बाजारात थंदारच्या पूजासाहित्याच्या दुकानासमोर एक तरुण बराच वेळ नारळ न्याहाळत उभा होता. वहीत त्याचं चित्र काढताना त्याने तो इतका फिरवला, की देठच मोडलं.

"आता हा घ्यावाच लागेल," थंदार म्हणाली. "देठ मोडलेला नारळ दैवतांना चालत नाही."

"मला चालेल. मी कुठे दैवत आहे?"

"ते दिसतंच आहे."

यान नाइंग त्याचं नाव. मग तो रोज दुपारी येऊ लागला, आणि थंदार गालावर थनाखाच्या सुगंधी सालीचा लेप जरा जास्तच नीट लावू लागली. ब्रह्मदेशात घरोघरी पुजली जाणारी सदतीस दैवतं तो नव्याने रंगवत होता. घोड्यावरचा दारुडा सरदार त्याच्या चित्रात स्कूटरवर झोकांड्या खाई; फुलं खाणारी राक्षसीण बाजारात शेवंतीचा भाव पाडून मागे. थंदार हसून बेजार होई. ही सगळी एके काळी माणसंच होती, तो म्हणे... अवेळी, कुणाच्या तरी हातून मेलेली.

एकदा त्याने तिच्या भावाचा फोटो मागितला. झेया तीन वर्षांपूर्वी डोंगरात लढायला गेला होता. तो सुखरूप यावा म्हणून आई रोज पूजा मांडत असे. "त्याला देखणा काढ हं," म्हणत थंदारने फोटो दिला.

चित्रांच्या प्रदर्शनाला ती आईला घेऊन गेली. भिंतीवर झेया मोटारसायकलवर बसला होता. डोक्याला दैवतांचा लाल फेटा. खाली लिहिलं होतं : अडतिसावं दैवत.

आई रडली नाही. तिने खाली बसून तीनदा डोकं टेकवलं.

"जिवंत माणसाला हा फेटा कुणी बांधत नाही, बाळा," ती यानला म्हणाली. "कधी गेला?"

यानची मान खाली गेली. घरी येणं धोक्याचं, म्हणून झेयाच्या सोबत्याने यानकडे निरोप आणला होता. यान सांगायचं ठरवून दुकानावर यायचा आणि थंदार हसली, की त्याला बोलवत नसे. म्हणून त्याने चित्र काढलं.

"थंदार, माझं तुझ्यावर—"

"आई काहीतरी विचारते आहे."

"दिव्यांच्या पौर्णिमेला," तो म्हणाला. "मला चौथ्या दिवशी कळलं."

आई बोटांवर मोजू लागली. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवू घालायचं, गेलेल्याला मोठ्याने निरोप द्यायचा. नाहीतर जीव घराभोवती घुटमळत राहतो. त्या दिवसाला दोन महिने उलटले होते. ती मात्र अजून त्याला परत बोलावत होती.

थंदारही मोजत होती. सातव्या दिवशी यान तिला नावेतून इरावतीपलीकडे घेऊन गेला होता. आज इतका गप्प का, तिने विचारलं होतं. त्याने उत्तर न देता तिच्या केसांत मोगरा माळला होता... आणि तिने त्याला होकार दिला होता.

आईला उठवायला यानने हात पुढे केला.

"राहू द्या," थंदार म्हणाली. "माझी मी उठवते."