सीमाताईचं पहिलं बाळंतपण

संत्र्याला बहार आला होता. शेंदूरजनाघाटच्या वाटेवर त्या वासाने आकांक्षाचा जीव सुखावत होता, आणि पोटुशी सीमाताईला त्याच वासाने मळमळत होतं. बहिणीला बांधावर बसवून आकांक्षाने समोरून येणाऱ्या पांढऱ्या गाडीला हात केला. थांबल्यावर कळलं, ती रुग्णवाहिका होती.

"घरापर्यंत सोडता काय? भाडं किती घेसान?"

"गरोदर बाईले भाडं नसते," चालक म्हणाला. "तपासणी, बाळंतपण, घरी आणून सोडणं— समदं फुकट. फोनवर एकशे दोन नंबर लावा फक्त."

"अन् मंग तुमीच येसान?"

"दुसरा आला तं चालन काय?"

आकांक्षा ओढणीशी चाळा करत राहिली... त्याचं नाव कुंदन.

तेव्हापासून गाडी गावात आली की तिला अंगणात काम निघायचं. वाळलेले कपडे ती पुन्हा झटकून वाळत घालायची. तोही घरापाशी वेग कमी करायचा.

"खड्डा हाय काय येथी?" तिने विचारलं.

"नाही... घर हाय."

एकदा त्याने ताईची तारीख विचारली. आकांक्षाचा चेहरा उतरला.

"बाबानं अमरावतीचा मोठा दवाखाना ठरवला. लेकीचं पयलं बाळंतपण माहेरानं करायचं असते ना! फुकटात उरकलं तं अकोल्याचे व्याही जन्मभर टोमणे मारतीन म्हणते."

"कळा काही व्याह्याले इचारून येत नाही," कुंदन हळूच म्हणाला.

कळा आल्या त्या तारखेच्या आधीच, सकाळी. सांगून ठेवलेली गाडी कुणाच्या लग्नात गुंतलेली. बाप नत्थुजी दुसऱ्या गाडीसाठी फोनवर फोन लावत राहिले. दुपारी ताईचं लुगडं रक्ताने भिजलं, तेव्हा आकांक्षाने कुणाला न विचारता एकशे दोन लावला.

कुंदन आला, तर नत्थुजी दारात आडवे. "माही पोरगी काय बेवारस हाय, फुकटच्या गाडीत न्यायले?"

भिंत धरून उभी सीमाताई म्हणाली, "बाबा, बाजूले व्हा."

सरकारी दवाखान्यात ती वाचली. बाळ रडलंच नाही.

"सकाळी आणलं असतं तर..." डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या.

अकोल्याहून सासरे आले. दवाखाना सरकारी की खाजगी, त्यांनी विचारलंदेखील नाही. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून ते नत्थुजींना एवढंच म्हणाले, "इतला उशीर काहून केला हो?"



घरी सोडायलाही कुंदनच आला. मागे नत्थुजी लेकीचे पाय मांडीवर धरून बसले होते, टाक्यांना धक्का नको म्हणून. पुढे आकांक्षा. बाळंतीण घरी नेताना कुंदन नेहमी गाणं लावायचा. आज गाडीत आवाज होता तो फक्त इंजिनाचा.

"म्या तुमच्या बाबाले येऊन सांगाले पायजे होतं," तो म्हणाला.

"मले तं माहीत होतं. तरी फोन दुपारी लावला..." तिने डोळे पुसले.

कुंदनने आरशातून मागे पाहिलं.

"तुमाले एक इचारायचं होतं... पण आज नाही."

"आज नका इचारू." मागे ताई कण्हली, त्याने वेग आणखी कमी केला. आकांक्षा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ताई उठून दोन घास खाऊ लागली की इचारा. तवर... माहं 'हो' तुमच्यापाशी ठेवा."